कमरेला अर्धा किलो

आमच्याकडे घेणारा माणूस वेगळा आणि निवडणारा माणूस वेगळा. घेणारा सकाळी मालवणच्या बाजारात जातो, दुपारच्या आत पंप घेऊन घरी येतो आणि संध्याकाळी तो बंद पडला म्हणून दुकानदाराच्या सात पिढ्यांची आठवण काढतो. निवडणारा कधी फसत नाही, कारण तो कधी घेतच नाही. वायरीचे आबा या दुसऱ्या जातीतले. इन्व्हर्टर निवडायला त्यांना तीन पावसाळे लागले. तोवर मेणबत्त्यांचा खर्च इन्व्हर्टरच्या किमतीपाशी जाऊन पोचला होता.

मग आबांनी रिव्हॉल्वर निवडायला घेतलं. लहान, परवडणारं आणि कपड्यांच्या आत कोणाला दिसणार नाही असं.

वायरी म्हणजे मालवणहून तारकर्लीला जाताना लागणारं गाव. इथं पिशवीत बांगडे आहेत की पेडवे, हे पिशवी घरी पोचायच्या आत वाडीला कळलेलं असतं. वाटेत भेटणारा प्रत्येक जण "काय गावला?" असं विचारतो, उत्तराची वाट न बघता पिशवीचं तोंड आपल्या हातानं उघडतो आणि भाव ऐकून तुमच्या अकलेबद्दल मत बनवून पुढे जातो. कोणाचा झील मुंबईत कोणाबरोबर फिरतो, कोणाच्या पेन्शनीत किती वाढ झाली, कोणाची साखर किती वाढली, सगळं चव्हाट्यावर. अशा गावात आबांना एक वस्तू लपवून बाळगायची होती. आणि हे त्यांनी मला एसटीच्या थांब्यावर, दहा-बारा माणसांच्या देखत कानात सांगितलं. कानात म्हणजे तोंड कानाशी होतं, आवाज नेहमीचाच.

"मेल्या, ह्यां कोणाक सांगू नको हां!"

थांब्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

आबांची सगळी नोकरी मुंबईत, फोर्टातल्या एका बँकेत, कॅशियरच्या पिंजऱ्यात गेली. दाराशी रखवालदार असे. त्याच्या खांद्याला बारा बोरची दुनळी, छातीवर काडतुसांचा पट्टा. सबंध नोकरीत आबांनी त्याला एकही बार काढताना पाहिलं नाही. पण रोज सकाळी काडतुसं मोजून द्यायची आणि रजिस्टरवर सही करायची, हे काम आबांकडे होतं. हाताखालून गेलेल्या लाखो रुपयांबद्दल ते कधी बोलत नाहीत. बोलतात ते त्या काडतुसांबद्दल. खडकीच्या १८६९ सालच्या कारखान्यातली, 'शक्तिमान' छापाची. "नोटा कोणयव मोजता," ते म्हणतात, "काडतुसा मोजूक माणूस विश्वासाचो लागता." रखवालदार रजेवर गेला की आबा दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या स्टुलावर बसून डबा खात, असं त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं मला सांगितलं.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण गडग्याच्या पलीकडे राहतं. नाना, आबांचे चुलत भाऊ. आजोबांच्या पश्चात वाटण्या झाल्या तेव्हा माड मोजून वाटले, भांडी तोलून वाटली, गणपतीसुद्धा आळीपाळीनं बसवायचं ठरलं. बंदूक मात्र एकच. ती मोठ्या घराकडे, म्हणजे नानांच्या वडिलांकडे गेली आणि त्यांच्यामागून रीतसर परवान्यासकट नानांकडे आली.

सिंधुदुर्गात बंदूक म्हटली की बहुतेक वेळा हीच, ठासणीची, शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. आधी नळीत दारू ओतायची, वर चिंध्या कोंबायच्या, गजानं ठासायच्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, पुन्हा ठासणी, मग केप बसवून घोडा चढवायचा. एवढं होईस्तोवर माकडाचं अर्धं शहाळं पिऊन झालेलं असतं. आणि तिनं कोणाला मारायचंही नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानडुकरालासुद्धा परवानगीशिवाय गोळी घालता येत नाही. तिचं काम आवाजाचं. नानांनी बार काढला की त्यांच्या माडांवरची माकडं उठतात आणि गडगा ओलांडून आबांच्या माडांवर येऊन बसतात. दोन भावांच्या जमिनीची हद्द तलाठ्याला सापडत नाही, ती माकडांना बरोबर ठाऊक आहे.

त्यामुळे आबा निवडणुकांचे परमभक्त. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. कोणाची घ्यायची, कोणाला सूट द्यायची, हे छाननी समितीनं ठरवायचं असतं, पण बागायतदारांची ओरड दर निवडणुकीला ठरलेली: पुढारी भाषणं करतायत आणि इकडे डुकरं शेत खातायत. तक्रार खरी आहे. ज्या हंगामात पिकाला बंदुकीची गरज असते त्याच हंगामात ती ठाण्याच्या खोलीत चिठ्ठी बांधून पडते. आबांना मात्र त्या दिवसांत झोप चांगली लागते. नानांची बंदूक जमा झाली की माकडं दोन्ही बागांत सारखी बसतात. आबा याला लोकशाही म्हणतात.

मग आबांनी सरळ शेती संरक्षणाचाच परवाना का मागू नये? हे मी विचारून पाहिलं.

"नानाकडे हा ती माका नको. नानाची सगळ्यांका दिसता. माजी कोणाक दिसाची नाय. देवचार कोणी बघलो हा? पण भितत सगळे!"

युक्तिवाद बिनतोड आहे, फक्त त्यात एक फट आहे. देवचार आहे हे लोकांना कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेलं असतं. न दिसणाऱ्या रिव्हॉल्वरचा धाक बसायचा तर आबांच्या कमरेला काहीतरी लपवलेलं आहे, ही बातमी आधी घरोघर जायला हवी. ते काम आबांनी स्वतःच अंगावर घेतलं. केस कापताना न्हाव्याला, दळण टाकताना गिरणीवाल्याला, रापणीवर मासे घ्यायला गेल्यावर जमलेल्या सगळ्यांना, आणि प्रत्येकाला "कोणाक सांगू नको" या अटीवर. मला वाटतं, या जातीच्या माणसाला शस्त्र फारसं नकोच असतं. आपल्याजवळ एक गुपित आहे हे जगाला माहीत असावं, एवढंच हवं असतं.

निवड मात्र कॅशियरच्या शिस्तीनं चालली. बँकेतून निवृत्त होताना आणलेली एक कोरी खातेवही आबांनी त्यासाठी काढली आहे. रकाने असे: नाव, बोअर, वजन, नळी, किंमत, गंज, शेरा. 'गंज' हा रकाना रिव्हॉल्वर बनवणाऱ्या कानपूरच्या माणसाला सुचला नसता. वायरीत खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज हातात येतात, सायकलची साखळी एका पावसाळ्यात विटेच्या रंगाची होते. इथं लोखंडाची वस्तू घ्यायची म्हणजे दर आठवड्याला तिला तेल पाजायचं व्रत घ्यायचं.

वही दाखवताना आबा सुरुवात बोअरपासून करतात. ९ मिलिमीटरचं हत्यार साध्या नागरिकाला मिळत नाही, ते मनाई बोअरमध्ये मोडतं. रिव्हॉल्वर घ्यायचं तर पॉइंट बत्तीस किंवा पॉइंट बावीस. जेम्स बाँडचं वॉल्थर पीपीके बत्तीस बोअरचंच, हे कुठूनसं कळल्यापासून आबांचा बाँडबद्दलचा आदर वाढला आहे. "म्हणजे तेका हयसर परवानो गावलो असतो," ते म्हणतात. मी म्हटलं, त्याला धोका तरी दाखवता आला असता. हे बोलणं आबांना तेव्हा आवडलं नाही आणि पुढं जे झालं त्यानंतर तर मुळीच आवडलं नसतं.

वहीत पहिलं नाव 'निर्भीक'. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर बायकांना स्वसंरक्षणासाठी म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्यानं जानेवारी २०१४ मध्ये बाजारात आणलेलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन ५०० ग्रॅम, तेव्हाची किंमत १,२२,३६० रुपये, आणि दागिने ठेवावेत तशा किरमिजी पेटीतून मिळणारं. एवढे पैसे मोजू शकणारी बाई रात्रीच्या बसनं एकटी फिरत नाही, आणि जी फिरते तिला ते परवडत नाही, अशी टीका तेव्हाच झाली. ती मला पटते. आबांचं लक्ष दुसरीकडेच. "वरचे तीनशे साठ कित्याचे?" ते विचारतात, आणि लगेच स्वतःच कौतुकानं सांगतात, की रक्कम गोल नाही म्हणजे कोणीतरी हिशोब मन लावून केलाय. आबांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, वही वाचली नाही, पण पेटीचं ऐकलं होतं. "पेटी तेवढी माका ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या.

दुसरं 'निडर'. बंगालमधल्या इछापूरच्या रायफल कारखान्याचं, पॉइंट बावीस, वजन २५० ग्रॅम, आलं तेव्हा किंमत पस्तीस हजारांच्या आसपास. स्वस्त आणि लहान या दोन्ही अटींत बसणारं खरं तर हेच. शेरा: 'पाव किलो. माकड हसेल.'

तिसऱ्या नावाशी आबांचा आवाज बदलतो. वेब्ली अँड स्कॉट! १८८७ पासून ब्रिटिश फौजेच्या कमरेला वेब्लीची रिव्हॉल्वरं होती. आता हीच कंपनी उत्तर प्रदेशात, हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर बनवते. २०२० च्या नोव्हेंबरात ते आलं तेव्हा किंमत होती सुमारे १ लाख ६० हजार. शेऱ्यात आधी 'इंग्रजी' असं लिहून अधोरेखित केलेलं आहे. मग संडीलाची बातमी कळल्यावर खाली बारीक अक्षरात 'पण हरदोईचा'. जुनं, खरोखर विलायतेहून आलेलं हत्यार हवं असेल तर आयात केव्हाच थांबल्यामुळे त्याला कित्येक पट भाव पडतो. तो भाव आबांनी वहीत लिहिलेला नाही. काकी ऐकतील म्हणून तोंडानंही सांगत नाहीत.

चौथं 'प्रबळ'. जुनं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ ला मोडून त्याच्या सात सरकारी कंपन्या केल्या. त्यांतल्या कानपूरच्या कंपनीनं ऑगस्ट २०२३ मध्ये हे काढलं. नळी ७६ मिलिमीटरची, चक्र बाजूला उघडतं, गोळ्या भरायला आधीच्यासारखं हत्यार मधोमध दुमडावं लागत नाही, आणि मार ५० मीटरपर्यंत. या ५० मीटरसमोर शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहून खोडलेलं आहे. वही उजेडात तिरकी धरली तर 'नानाचे पडवेपर्यंत' असं वाचता येतं.

आबांचा भाचा टेक्सासमध्ये आहे. तिकडे सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांच्या माणसाला, कायद्यानं बंदूक बाळगायला अपात्र ठरवलेलं नसेल तर, परवान्याशिवायसुद्धा कमरेला हत्यार लपवून फिरता येतं. रात्री त्याचा व्हिडिओ कॉल आला की आबा अंगणात येतात, म्हणजे नेटवर्क मिळतं आणि नानांनाही ऐकू जातं. भाचा दुकानातल्या काचेच्या कपाटांचे फोटो पाठवतो. स्मिथ अँड वेसनचं १९५० सालापासून चालत आलेलं बुटकं रिव्हॉल्वर, रुगरचं २००९ मधलं 'एलसीआर', किंमत काही शे डॉलर. एलसीआरच्या सांगाड्यात प्लॅस्टिकचा भाग आहे आणि त्यात पाचच गोळ्या बसतात, हे ऐकून आबा सर्द झाले.

"प्लॅस्टिकचा? बादली हा काय ती? आणि पाचच? मगे सहावी खंय गेली?"

भाच्यानं समजावलं, की एक गोळी कमी केली की चक्राची जाडी कमी होते आणि अंगाला चिकटून बसतं. आबांना हे पटलं नाही. त्यांच्या मते ही कंपनीची लबाडी होती, पाव किलो म्हणून दोनशे ग्रॅम मोजण्याची. मग त्यांनी विचारलं, की दुकानदार पोलीस पाटलाचा दाखला मागतो का. भाच्याला पोलीस पाटील आठवेना. तो गप्प झाला आणि आबांनी मला डोळ्यानं खुणावलं, की बघ, म्हणूनच त्या देशाचं असं होतं.

यानंतर आबांनी सरावाला सुरुवात केली. रिव्हॉल्वरचा चाप ओढायला बोटात जोर लागतो, घोडा आधी चढवलेला नसेल तर फारच. घरात चाप असलेली वस्तू एकच, गॅस पेटवायचा लायटर. आबा सकाळी पडवीत उभे राहून माडाच्या दिशेनं लायटर रोखत आणि दात आवळून खटक-खटक करत. पंधरवड्यात लायटरनं मान टाकली. दुसरा आणला, तोही गेला. काकी काडेपेटीवर आल्या. मी गेलो तर त्या चुलीपाशी काडी ओढत होत्या.

"तू तरी सांग रे तेंका, आदी लायटर आणा. मगे काय तो रणगाडो घेवदेत."

वजनाचा सराव त्याहून नेटका. 'निर्भीक' ५०० ग्रॅमचं, म्हणून आबांनी वाण्याकडून अर्ध्या किलोचं लोखंडी माप मागून आणलं आणि कमरेला, लुंगीच्या गाठीत खोचून ते हिंडू लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी मालवणच्या मासळी बाजारात सुरमईचा भाव करण्यासाठी आबा पुढं वाकले आणि गाठ सुटली. माप खाली पडून एका कोळणीच्या पाटीवर आदळलं. लुंगी आबांनी वेळेत धरली, पण एका हातानं, कारण दुसऱ्या हातात सुरमई होती. त्या बाईनं माप उचलून नीट निरखलं आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आबानू, घरसून माप हाडलात? आमच्या तराजूवर इस्वास नाय?" बाजारात चार दिवस आबांना कोणी धड भाव सांगितला नाही.

आणि लपवायचं तरी कुठं? पाश्चात्य देशांत माणसं कोट घालतात, जाकीट घालतात, त्याच्या आत काहीही जातं. मालवणच्या मे महिन्यात अंगात बनियन ठेवणं हीच मोठी गोष्ट. आबांनी एक दिवस मुंबईचं जुनं जाकीट चढवून बाजारापर्यंत जाऊन यायचं ठरवलं. मालवणच्या भरडापर्यंत पोचायच्या आत तिघांनी त्यांना सावलीत बसवलं, एकानं पाणी आणलं आणि एक रिक्षावाला त्यांना न विचारताच दवाखान्याच्या दिशेनं घेऊन निघाला. पोटाचा घेर हा आबांचा आणखी एक शत्रू. पँटीच्या आत खोचलं तर बसताना नळी मांडीत रुतते आणि दस्ता बरगडीत. पायाला, घोट्याच्या वर बांधण्याचा एक प्रकार भाच्यानं सुचवला होता. पण चापाला हात घालायला वाकावं लागेल, आणि वाकल्यावर आबांना उठवायला दुसरा माणूस लागतो.

बरं, लपवलं. मग ते घेऊन जायचं कुठं? इथं कायदा आबांपेक्षा चोख आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर न्यायचं ते म्यानात किंवा पिशवीत, आणि ते काढून दाखवायला, हवेत नाचवायला मनाई. परवान्याच्या अटींत तर स्पष्टच लिहिलेलं असतं, की खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, लोकांचा जमाव आणि शाळा-कॉलेजचं आवार इथं शस्त्र नेता येणार नाही. आता आबांचं वर्ष बघा. आंगणेवाडीची जत्रा गेली. दिवाळीच्या पाडव्याची रामेश्वर-नारायणाची पालखी गेली. नारळी पौर्णिमेचा बंदरावरचा सोहळा गेला. गणपतीचं विसर्जन गेलं. दशावतार बघायला जावं तर तो जत्रेतच. गोव्याला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जायचं, तर परवाना महाराष्ट्रापुरता असला की बांद्याच्या पुढं पाऊल टाकायची सोय नाही. नातवाला शाळेतून आणायला गेलं तर फाटकाबाहेर उभं राहायचं. उरली घर ते मासळी बाजार ही वाट, आणि तिथं काय झालं ते वर सांगितलंच.

तरी अर्ज गेला. मालवण-कसाल रस्त्यानं एसटीत बसून आबा ओरोसला, सिंधुदुर्गनगरीला गेले. जिल्हा १ मे १९८१ ला झाला, आणि आता प्रत्येक कागदासाठी माणसाला हीच वाट आहे. अर्जाबरोबर बरंच काही लागतं. हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र. मन आणि शरीर ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला. घरात शस्त्र कुलपात सुरक्षित ठेवायची सोय आहे, असं लिहून द्यायचं. आबांच्या घरात कुलपाचं कपाट एकच आणि त्याची किल्ली काकींच्या कमरेला, लपवलेली. म्हणजे हत्यार आलंच असतं तरी संकटसमयी आधी काकींना हाक मारावी लागली असती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात, हे तिथल्या खिडकीवर कळलं तेव्हा आबा घरी येईपर्यंत धुमसत होते. हातात शून्य असलेल्या माणसाचं एक हत्यार सरकारनं काढून घेतलं होतं.

मग चौकशीला हवालदार आला. घाटावरचा, तरुण, सभ्य. "धोका कोणाकडून आहे, आबा?" त्यानं विचारलं. आबांनी गडग्याकडे बघितलं, मग माडाकडे बघितलं. माडावर माकडं होती. हवालदारानं कागदावर काही लिहिलं नाही. तो शेजाऱ्यांकडे गेला. वर्तन कसं आहे, भांडखोर आहे का, दारू पितो का, हे शेजाऱ्यांना विचारायची रीत आहे, आणि सर्वांत जवळचे शेजारी नाना. नानांनी त्याला खुर्ची दिली, कोकम सरबत दिलं आणि साक्ष दिली:

"माणूस सोन्यासारखो. रिव्हॉल्वर तेका जरूर देवा. गोळये फकत माझ्याकडे ठेवा."

उत्तर आलं ते नकाराचं. कारण नोंदवलेलं होतं: अर्जदाराच्या जीवितास धोका असल्याचे दिसून येत नाही. दुसरा कोणी असता तर हा कागद चौकटीत लावला असता. आपल्या जिवावर कोणीही उठलेलं नाही, असं चौकशीअंती आणि शिक्क्यानिशी लिहून मिळायला भाग्य लागतं. आबा तो कागद घेऊन पडवीत बसून राहिले. मी समजूत घालायला गेलो.

"इतक्या लोकांशी भांडलंय मी," ते म्हणाले, "सोसायटीत, देवळाच्या मिटिंगेत, ग्रामसभेत. आणि एकाकव माजो जीव घेवचो असा वाटाक नाय?"

शस्त्र कायद्याप्रमाणे नकाराविरुद्ध तीस दिवसांत वर अपील करता येतं. अपिलाला पुरावा हवा, पुराव्याला शत्रू हवा. आबा गडगा ओलांडून नानांकडे गेले. त्या दोघांत काय बोलणं झालं ते माझ्या कानांनी ऐकलं नाही, पण वाडीनं ऐकलं. आबांनी नानांना धमकीचं पत्र लिहून मागितलं. नाना मोठ्या घरचे, नाही म्हणाले नाहीत. पत्र मी वाचलं आहे. 'चि. आबास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुला जिवंत सोडणार नाही. यंदा हापूसला मोहोर बरा आहे. सौ. ला आशीर्वाद सांगणे. कळावे, लोभ असावा.' खाली तारीख, पूर्ण नाव आणि सही.

वकिलानं ते दोनदा वाचलं. मग शांतपणे सांगितलं, की आबांचं काय व्हायचं ते होवो, पण बंदूकवाल्या माणसानं दुसऱ्याला जिवे मारायची लेखी धमकी दिली तर पहिल्यांदा त्याचा स्वतःचा परवाना जातो. त्याच दुपारी नाना आले आणि पत्र परत घेऊन गेले. जाताना त्यांनी आबांना दोन डझन शहाळी पाठवून देण्याचं कबूल केलं. माकडांनी ठेवली तर.

अपिलाची मुदत टळून गेली. आबांना पुन्हा अर्ज करता येईल, पण तूर्त वहीत पुढच्या पानावर नवे रकाने आखून झाले आहेत. आता ऐकू येण्याचं यंत्र निवडायचं आहे, तेही लहान, परवडणारं आणि कोणाला दिसणार नाही असं. रिव्हॉल्वरची पानं त्यांनी फाडलेली नाहीत. कोणाला खरंच परवाना काढायचा असेल तर त्यानं सरळ ओरोसची एसटी धरावी. नुसती निवड करायची असेल तर संध्याकाळी पाचनंतर आबांकडे जावं, ते मनापासून सांगतात आणि चहा पाजतात. लायटर मात्र आपला न्यावा.